मृग जूनमध्ये, मृग मार्गशीर्षात

जूनची सात-आठ तारीख उजाडली की मराठी मुलखात 'मृग लागला' असं म्हणतात. बियाणं काढून ठेवलेलं असतं, शेताच्या बांधावर मखमली लाल मृगाचे किडे दिसू लागतात, आणि यंदा नक्षत्राचं वाहन बेडूक आहे की म्हैस, यावर पावसाचे अंदाज बांधले जातात. हे सगळं ज्याच्या नावावर चालतं तो मृग मात्र त्या दिवसांत आकाशात सापडत नाही. ढग आडवे येतात हे खरं. पण ढग नसते तरी तो दिसला नसता. पुढे सहा महिने जातात, थंडी पडते, मार्गशीर्ष लागतो आणि तोच मृग संध्याकाळी पूर्वेला उगवून रात्रभर आभाळ अडवून बसतो. मार्गशीर्ष हे नावही मृगशीर्षावरूनच आलेलं. मग मृगाचा महिना कोणता म्हणायचा, पेरणीचा की हुरड्याच्या आधीच्या थंडीचा?

दोन्ही. आणि हे दोन्ही एकाच वेळी खरे कसे असू शकतात, हे एकदा उमगलं की शरदाच्या अखेरचं आकाश ओळखायला तारकानकाशा जवळ असलाच पाहिजे असं नाही. आपले महिने ही काळाची नावं आहेत असं आपण समजतो; ती खरं तर जागांची नावं आहेत. भाद्रपद, आश्विन, कार्तिक, मार्गशीर्ष हे आकाशातले चार पत्ते आहेत. नोव्हेंबरच्या मध्यावर रात्री नऊच्या सुमारास ते चारही पत्ते डोक्यापासून पूर्व क्षितिजापर्यंत ओळीने मांडलेले असतात.

दीपमाळेभोवतीची प्रदक्षिणा

एखाद्या जुन्या देवळाचं प्रशस्त आवार डोळ्यांसमोर आणा. मधोमध दगडी दीपमाळ, त्रिपुरी पौर्णिमेला पेटवलेली. आवाराच्या चारी बाजूंनी ओवऱ्या, एकूण 27. तुम्ही दीपमाळेभोवती प्रदक्षिणा घालत आहात. दीपमाळेकडे तोंड केलंत तर डोळे दिपतात, आणि नेमकी तिच्या पाठीमागची ओवरी दिसत नाही. दीपमाळेकडे पाठ केलीत की अंधारातली समोरची ओवरी स्वच्छ दिसते. आता दीपमाळेच्या जागी सूर्य ठेवा, तुमच्या जागी पृथ्वी आणि ओवऱ्यांच्या जागी नक्षत्रं. दीपमाळेकडे तोंड म्हणजे दिवस, पाठ म्हणजे रात्र. अर्धी प्रदक्षिणा झाली, म्हणजे सहा महिने गेले, की आधी पाठीशी असलेली ओवरी दीपमाळेच्या आड जाते आणि आड असलेली समोर येते.

जूनमध्ये 'मृग लागतो' म्हणजे सूर्य मृग नक्षत्राच्या ओवरीसमोर येतो. त्या दिवसांत मृग सूर्याबरोबर उगवतो, सूर्याबरोबर मावळतो आणि भर दुपारी माथ्याजवळून जातो. उजेडात तो दिसत नाही इतकंच. डिसेंबरात आपण दीपमाळेच्या दुसऱ्या अंगाला पोचलेलो असतो, म्हणून मृग रात्री समोर. शेतकऱ्याची नक्षत्रं सूर्याची आहेत. रोहिणी, मृग, आर्द्रा अशी ती दर साडेतेरा दिवसांनी बदलतात, कारण वर्षाचे 365 दिवस 27 घरांत वाटायचे तर प्रत्येकाच्या वाट्याला तेवढेच येतात. महिन्यांची नावं मात्र चंद्राची आहेत, आणि त्यातही पौर्णिमेच्या चंद्राची. पौर्णिमेला चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो, म्हणजे प्रदक्षिणा घालणाऱ्याच्या पाठीकडे. तो ज्या ओवरीसमोर दिसेल तिचं नाव महिन्याला. कार्तिकातली पौर्णिमा कृत्तिकांजवळ, मार्गशीर्षातली, म्हणजे दत्तजयंतीची, मृगशीर्षाजवळ. पंचांगाच्या एकाच पानावर सूर्याची ओवरी आणि चंद्राची ओवरी अशा दोन नोंदी असतात, आणि पौर्णिमेला त्या अर्धा आवार अंतरावर येतात. जूनमधला मृग पहिल्या नोंदीतला, मार्गशीर्षातला दुसऱ्या.

इथे एक रास्त शंका येते. सूर्य ज्या नक्षत्रात आहे ते नक्षत्र दिसतच नसेल, तर सूर्य तिथे आहे हे दुर्बिणी नसलेल्या काळात कळलं कसं? त्याचं उत्तर याच मांडणीत आहे. पौर्णिमेचा चंद्र कुठे आहे ते पाहायचं आणि तिथून बरोबर समोरची ओवरी मोजायची. सूर्य तिथेच असणार. शिवाय पहाटे सूर्याच्या जरा आधी कोणते तारे उगवतात आणि सायंकाळी त्याच्या पाठोपाठ कोणते मावळतात हे पाहिलं की मधली न दिसणारी जागा आपोआप हेरता येते. दोन दात दिसले की मधला पडलेला कोणता, हे सांगायला वैद्य लागत नाही.

चार मिनिटांचा हिशेब

आकाश महिन्यागणिक सरकतं ते किती? पृथ्वी स्वतःभोवती एक गिरकी 23 तास 56 मिनिटांत पुरी करते. मग दिवस 24 तासांचा का? कारण गिरकी घेताघेता ती प्रदक्षिणेच्या वाटेवर सुमारे एक अंश पुढे गेलेली असते, आणि सूर्याकडे पुन्हा पहिल्यासारखं तोंड यायला तिला तेवढा एक अंश जास्त वळावं लागतं. एका अंशाला चार मिनिटं. आपली घड्याळं सूर्याशी बांधलेली आहेत, ताऱ्यांशी नाहीत. म्हणून कोणताही तारा घड्याळाप्रमाणे रोज चार मिनिटं आधी उगवतो. पंधरवड्याला एक तास, महिन्याला दोन तास. एवढा एक आकडा लक्षात ठेवला तर पुढे दिलेल्या सगळ्या वेळा कोणत्याही तारखेला बसवून घेता येतात.

नोव्हेंबरच्या मध्यावर पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, आणि कृत्तिका उगवतात सहा वाजून दहा मिनिटांच्या आसपास. इकडे दिवा विझतो, तिकडे कृत्तिका दारात. कार्तिकाला कार्तिक का म्हणतात, याचा पुरावा म्हणून ही एक सायंकाळ पुरेशी आहे. त्याच कृत्तिका मध्यरात्रीनंतर पाऊण वाजण्याच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर येतात आणि सूर्य उगवल्यावरच मावळतात. महिन्याचं नाव मिळण्यासाठी त्या नक्षत्राने रात्रभर हजर राहावं लागतं, असं म्हणायला हरकत नाही.

डोक्यापासून पूर्वेपर्यंत

आता ती ओळ वाचू. रात्री साडेआठ-नऊला मान वर केली की चार मध्यम तेजाच्या ताऱ्यांचा मोठा चौकोन दिसतो. हात लांब करून बोटं ताणली तर अंगठ्यापासून करंगळीपर्यंतची वीत आकाशात सुमारे 20 अंश व्यापते. चौकोनाची बाजू तिच्याहून थोडी कमी. आत फारसं काही नाही, आणि हीच त्याची खूण: रिकामं अंगण. पश्चिमेकडचे दोन तारे पूर्वा भाद्रपदा, पूर्वेकडचे दोन उत्तरा भाद्रपदा. दोन महिन्यांपूर्वी गणपतीच्या दिवसांत सूर्य मावळताना हा चौकोन पूर्वेला उगवत होता. आता तो साडेआठ-नऊलाच माथ्यावर आलेला असतो. डोक्यावर भाद्रपद. तिथून पूर्वेकडे उतरताना रेवती लागते, पण ती फिकट आहे आणि शहरातून शोधण्यात वेळ घालवू नये. पुढे दोन-तीन ताऱ्यांची छोटी वाकडी रेघ दिसते, ती अश्विनी. कोजागरीचा चंद्र तिच्याच परिसरात होता. अश्विनीच्या खाली भरणीचा बारीक त्रिकोण, आणि त्याखाली, क्षितिज ते माथा या अंतराच्या निम्म्याहून थोडा कमी उंचीवर, कृत्तिकांचा पुंजका.

या पुंजक्यापाशी थांबायला हवं. कृत्तिका प्रथम धुरकट ठिपक्यासारख्या वाटतात. नजर स्थिरावली की त्यातून तारे सुटे होतात. साधारण डोळ्यांना सहा दिसतात, आणि कार्तिकेयाच्या सहा माता त्याच. अगदी काळ्या आकाशात तीक्ष्ण डोळ्यांना जास्तही मोजता येतात. साधी द्विनेत्री लावली तर डझनावारी, आणि प्रत्यक्षात तिथे हजाराहून जास्त तारे आहेत. ते एकाच वायुमेघातून, एकाच वेतात जन्मलेले आहेत. सुमारे 10 कोटी वर्षांपूर्वी. आपला सूर्य 460 कोटी वर्षांचा, त्या मानाने ही तान्ही मुलं. जन्मलेली भावंडं अजून पांगलेली नाहीत म्हणून पुंजका दिसतो. काही कोटी वर्षांनी ती आपापल्या वाटेला लागतील. त्यांचा प्रकाश इथे यायला सुमारे 440 वर्षं लागतात. आज डोळ्यांत शिरणारा कृत्तिकांचा उजेड निघाला तेव्हा शिवाजी महाराजांचा जन्म व्हायचा होता.

कृत्तिकांच्या मागोमाग तासाभराने रोहिणी उगवते. ठळक, नारिंगी. ती इंग्रजी 'व्ही' अक्षरासारख्या ताऱ्यांच्या घोळक्यात बसलेली दिसते, आणि जुन्या ज्योतिषग्रंथांनी या आकृतीला रोहिणीचा शकट म्हटलं आहे, शकट म्हणजे गाडा. पण ती त्या घोळक्यातली नाही. घोळका सुमारे 150 प्रकाशवर्षं दूर आहे, रोहिणी 65. प्रवासाच्या फोटोत मागच्या डोंगरावरचं देऊळ माणसाच्या खांद्यावर बसल्यासारखं दिसतं, तसंच हे. आकाशातल्या आकृत्यांवर विश्वास ठेवावा, शेजारपणावर ठेवू नये.

आणि साडेआठच्या सुमारास नेमक्या पूर्वेला मृग वर येऊ लागतो. चार पायांचा चौकोन, पोटात एका रेषेत तीन तारे. हा व्याधाने मारलेला बाण. ऐतरेय ब्राह्मणातली कथा अशी की प्रजापती मृगरूप घेऊन रोहिणीमागे धावला आणि त्याला बाणाने विंधलं गेलं. कथा आकाशातल्या क्रमाने रचलेली आहे: पुढे रोहिणी, मागे मृग, त्याच्या मागे दीड तासाने उगवणारा व्याध. बाणाची रेषा खाली वाढवली की ती व्याधाकडेच जाते. गोष्टीच्या वेशातला हा तारकानकाशाच होता. व्याध हा रात्रीच्या ताऱ्यांत सर्वांत तेजस्वी, त्याचं कारण त्याचं मोठेपण कमी आणि जवळपण जास्त. तो अवघ्या 8.6 प्रकाशवर्षांवर आहे. मृगात मात्र खरे धिप्पाड तारे आहेत. चौकोनाच्या एका कोपऱ्यातला तांबूस तारा काक्षी, त्यालाच आर्द्रा म्हणतात. कर्णाच्या दुसऱ्या टोकाला निळसर पांढरा राजन्य. लोहाराच्या भट्टीत लोखंड आधी लाल होतं, मग पिवळं, मग पांढरं. ताऱ्यांचंही तसंच आहे: काक्षीचा पृष्ठभाग सुमारे 3,500 अंश, राजन्याचा 12,000च्या आसपास. तांबडा तारा तापट वाटतो खरा, पण तोच त्यातल्या त्यात थंड.

[चौकट : नोव्हेंबरच्या मध्यावर, पुण्याच्या वेळेने
कृत्तिका सहा वाजून दहा मिनिटांनी, ईशान्येचा ठळक ब्रह्महृदय पावणेसातनंतर, रोहिणी सव्वासातच्या आत, मृगाचा बाण साडेआठला, व्याध दहाला, दक्षिणेकडचा अगस्त्य अकराला. डिसेंबरच्या मध्यावर यांतली प्रत्येक वेळ दोन तास अलीकडे आणा. म्हणजे मृग साडेसहाला आणि व्याध आठला. नागपूरकरांना यांतले बहुतेक तारे वीसेक मिनिटं आधी दिसतील. याच वाटेवर यादीत न बसणारा, फारसा न लुकलुकणारा ठळक ठिपका दिसला तर तो ग्रह.]

वाटेबाहेरचं थोडं

चंद्रसूर्य ज्या वाटेने जातात तिच्या बाहेरही या दिवसांत पाहण्यासारखं आहे, पण त्याला महिन्यांच्या नावांचा आधार नाही. भाद्रपदा चौकोनाच्या ईशान्य कोपऱ्यातून ताऱ्यांची एक ओळ उत्तर-पूर्वेकडे जाते, ती देवयानी. तिच्याजवळ, अंधाऱ्या गावातून, पुसट ढगासारखा एक डाग दिसतो. ती आपल्या आकाशगंगेसारखीच दुसरी दीर्घिका आहे, 25 लाख प्रकाशवर्षांवरची. नुसत्या डोळ्यांनी माणसाला सहज दिसू शकणारी ही सर्वांत दूरची वस्तू असावी. उत्तरेला इंग्रजी 'एम'सारखी शर्मिष्ठा. दक्षिणेला आठच्या सुमारास एकटाच चमकणारा मीनास्य. उशिरा जागणाऱ्यांसाठी अगस्त्य: व्याधाखालोखाल तेजस्वी, पण पुण्या-मुंबईहून क्षितिजापासून 19 अंशांच्या वर कधी न चढणारा. विंध्य ओलांडून दक्षिणेला गेलेल्या ऋषीचं नाव या ताऱ्याला देणाऱ्यांनी तो कुठून दिसतो हे नीट पाहिलं होतं. लंडनमधल्या किंवा न्यू जर्सीतल्या मराठी माणसाला तो तिथून कधीच दिसत नाही. पृथ्वीचा फुगवटाच मधे येतो.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप पंचांग पाहणाऱ्यांचा: कार्तिकी पौर्णिमेला चंद्र दर वर्षी कृत्तिकांतच असतो असं नाही, मग नावाला अर्थ काय? खरं आहे, तो कधी भरणीत असतो, कधी रोहिणीत. चंद्राचे बारा महिने 354 दिवसांत संपतात, सूर्याचं वर्ष त्याहून सुमारे अकरा दिवस मोठं. ही तूट साठत गेली की अधिक महिना घालून भरून काढतात. 2023 मध्ये अधिक श्रावण आला तो याचसाठी. त्यामुळे पौर्णिमा आपल्या नक्षत्राच्या थोडी पुढे-मागे झुलत राहते, पण दोरी फार सैल कधी होत नाही. अधिक महिना नसता तर कार्तिक काही वर्षांतच पावसाळ्यात पोचला असता.

दुसरा आक्षेप शहरातल्या वाचकांचा: आमच्या गच्चीवरून एवढं दिसतच नाही. इथे महिन्याचं नाव देणारा चंद्रच पहिला गुन्हेगार आहे. पौर्णिमेला तो कृत्तिकांच्या शेजारी उभा राहून त्यांना झाकून टाकतो. कार्तिकी पौर्णिमेला चंद्र पाहावा आणि पुंजका पाहायला अमावास्येच्या आसपासचा आठवडा निवडावा. दिव्यांच्या झळाळीत रेवती, भरणी, देवयानीचा डाग हरवतात, कधी कृत्तिकाही. पण रोहिणी, ब्रह्महृदय, मृगाचा बाण, काक्षी, राजन्य, व्याध हे मुंबईच्या आकाशातही टिकून आहेत, आणि ओळ कळायला तेवढे खांब पुरतात. खांब दिसले की ओवरी कुठे असणार, हे अंधारातही सांगता येतं.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार. ताऱ्यांच्या जागा आणि ऋतू यांची ही गाठ कायमची आहे का? नाही. पृथ्वीचा आस मंदावलेल्या भोवऱ्यासारखा डुलतो आणि एक डोलणं पुरं व्हायला जवळजवळ 26,000 वर्षं लागतात. त्यामुळे दर 72 वर्षांत ऋतू ताऱ्यांच्या तुलनेत सुमारे एका दिवसाने सरकतात. मकरसंक्रांत जानेवारीच्या 14-15 तारखेला आणि खरं उत्तरायण डिसेंबरच्या 21-22 तारखेला, ही फट त्याच सरकण्याची आहे. दीड हजार वर्षांपूर्वी, वराहमिहिराच्या काळात, सूर्य मृगात शिरायचा तो आजच्या मानाने तीन आठवडे आधी, मेच्या तिसऱ्या आठवड्यात. पाऊस काही तेव्हा तीन आठवडे आधी येत नसणार. तो जमीन आणि समुद्र यांच्या तापण्यावर चालतो. म्हणजे मृग पाऊस आणत नाही, फक्त पावसाच्या तारखेशी सध्या त्याची गाठ पडली आहे. आणखी दोन हजार वर्षांनी 'मृग लागेल' तो जुलैत, आणि तोवर पेरणी थांबवणारा शेतकरी उपाशी राहील. वाहन बेडूक असो की हत्ती, ही गोष्ट बदलत नाही.

पण हेच सरकणं इतिहासाला घड्याळ म्हणून उपयोगी पडलं. शतपथ ब्राह्मणात म्हटलं आहे की कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी हे विधान शब्दशः घेतलं: कृत्तिका नेमक्या पूर्वेला उगवत असतील तर त्या तेव्हा आकाशाच्या विषुववृत्तावर असल्या पाहिजेत, आणि भोवऱ्याचा हिशेब उलटा फिरवला तर तो काळ इसवी सनापूर्वी 3000च्या आसपास येतो. त्यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ 1896 मध्ये निघाला. तीन वर्षं आधी टिळकांनी 'ओरायन'मध्ये असाच युक्तिवाद मृगावर उभारून वेदकाळ आणखी मागे नेला होता. दोघांच्या निष्कर्षांवर विद्वानांत मतभेद आहेत, कारण जुन्या वाक्यातलं 'ढळत नाहीत' हे मोजमाप आहे की नुसतं वर्णन, हे ठरवणं सोपं नाही. मोजमापाचा अर्धा भाग मात्र गच्चीवरून कोणालाही करता येतो. विषुवदिनी, मार्चच्या 20-21 किंवा सप्टेंबरच्या 22-23 तारखेला, सूर्य ज्या इमारतीमागून उगवतो ती लक्षात ठेवायची. ती खरी पूर्व. कार्तिकात संध्याकाळी तिकडे तोंड करून उभं राहिलं की कृत्तिका त्या जागेच्या डावीकडे, उत्तरेला 25 अंशांवर, म्हणजे एका वितेहून थोड्या जास्त अंतरावर उगवताना दिसतात. आणि अडीच तासांनी त्या इमारतीच्या बरोबर मागून मृगाचे तीन तारे वर येतात.